ई-ग्रंथांचें दप्तर : मोठ्या संग्रहाची व्यवस्था कशी लावावी

१. संशोधनाचा व्यासंग असलेल्या गृहस्थाजवळ आज बहुधा दोन ग्रंथसंग्रह असतात. एक फळ्यांवर मांडलेला. दुसरा संगणकाच्या पोटांत सांठलेला. पहिल्या प्रकारच्या संग्रहाच्या याद्या करण्याची परंपरा आपल्या विषयांत चांगली रुजली आहे. थिओडोर आउफ्रेख्ट यांची संस्कृत हस्तलिखितांची महासूची इ. स. १८९१, १८९६ व १९०३ अशा तीन भागांत निघाली. शंकर गणेश दाते यांनीं इ. स. १८०० ते १९३७ या काळांतील छापील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. दुसऱ्या प्रकारच्या संग्रहास मात्र हा संस्कार अद्याप क्वचितच झालेला दिसतो. जुन्या ग्रंथांच्या चित्रप्रती शेंकड्यांनीं उतरवून घेतलेल्या असतात. पण एकीचें नांव म्हणजे नुसता आंकडा, दुसरीचें नांव रोमन लिपींत मोडकेंतोडकें, तिसरीचा पहिला खंड एका ठिकाणीं तर दुसरा भलत्याच ठिकाणीं. रुमाल सुटून दप्तरांतील कागद खोलीभर पसरावे तशी ही अवस्था होय. ग्रंथ असतो, परंतु पाहिजे त्या वेळीं हातीं येत नाहीं. आणि हातीं न येणारा ग्रंथ संशोधकाच्या दृष्टीनें नसल्यासारखाच.

प्रस्तुत लेखांत अशा संग्रहाची व्यवस्था ‘कॅलिबर’ नांवाच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्यानें कशी लावावी, व तो ई-रीडरवर वाचनास सुलभ कसा करावा, याचें विवेचन योजिलें आहे. आमचें मुख्य प्रतिपादन एवढेंच कीं, या संग्रहाची व्यवस्था फाइलींच्या मांडणींत नसून प्रत्येक ग्रंथाच्या नोंदींत असते. आणि पोथीची नोंद करणारा जी सावधगिरी बाळगतो तीच येथेंहि बाळगली पाहिजे.

२. प्रथम साधनांचा परिचय. कागदासारखा दिसणारा, डोळ्यांस न शिणविणारा पडदा असलेलें वाचनयंत्र सोनी कंपनीनें जपानांत इ. स. २००४ मध्यें विक्रीस काढलें. त्याच कंपनीचें ‘पीआरएस-५००’ हें यंत्र इ. स. २००६ मध्यें अमेरिकेंत आलें. ॲमेझॉनचें किंडल नोव्हेंबर २००७ मध्यें, व कोबो हें यंत्र इ. स. २०१० मध्यें निघालें. सोनीचें यंत्र लिनक्स-प्रणालीच्या संगणकाशीं जोडतां यावें म्हणून कोविद गोयल यांनीं इ. स. २००६ मध्यें एक सॉफ्टवेअर लिहिण्यास आरंभ केला. त्यालाच इ. स. २००८ मध्यें ‘कॅलिबर’ हें नांव मिळालें. तें विनामूल्य मिळतें, त्याची मूळ संहिता कोणासहि पाहतां येते, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर तें चालतें. आपल्या दप्तराची किल्ली एखाद्या दुकानदाराच्या हातीं राहूं नये असें ज्यांस वाटतें, त्यांस हा गुण थोडा वाटणार नाहीं.

३. दप्तराची रचना. कॅलिबर प्रथम एक फोल्डर मागतें. तेंच संग्रहाचें घर. त्यांत प्रत्येक लेखकाचें एक फोल्डर, त्याच्या पोटीं प्रत्येक ग्रंथाचें एक फोल्डर, आणि या आंतल्या फोल्डरांत ग्रंथाची फाइल, मुखपृष्ठाचें चित्र व त्या ग्रंथाच्या नोंदीची नक्कल अशा वस्तु असतात. घराच्या मुख्य दारांत एक मोठें नोंदपुस्तक असतें. सर्व ग्रंथांच्या नोंदी त्या एका फाइलींत एकवटलेल्या असतात. ग्रंथ संग्रहांत घातला म्हणजे मूळ फाइलीची प्रत या घरांत येते. मूळ फाइल होती तेथेंच राहते.

यावरून दोन नियम निघतात. पहिला असा कीं, या घरांत शिरून फाइली हातानें हलवूं नयेत, वा त्यांचीं नांवें बदलूं नयेत. नोंदपुस्तकांत जी जागा लिहिली आहे तेथें फाइल न मिळाल्यास ग्रंथ व नोंद यांची ताटातूट होते. जें करावयाचें तें कॅलिबरच्या आंतूनच करावें. दुसरा नियम फोल्डरांच्या नांवांविषयीं आहे. ग्रंथाचें नांव देवनागरींत लिहिलें तरी कॅलिबर फोल्डराचें नांव रोमन अक्षरांत उतरवितें, आणि हें रूपांतर पुष्कळदां विचित्र असतें. तें पाहून नवशिका मनुष्य गोंधळतो. परंतु तीं नांवें यंत्राकरितां आहेत, वाचकाकरितां नव्हेत. कॅलिबरच्या पडद्यावर देवनागरी नांव जसेंच्या तसें राहतें, व शोधहि देवनागरींत घेतां येतो.

४. नोंद कशावरून करावी? पोथीची नोंद करणारा वेष्टनावरील चिठीवर विसंबत नाहीं. तो आरंभ, अंत व पुष्पिका पाहतो. ई-ग्रंथाच्या बाबतींत फाइलीचें नांव ही वेष्टनावरील चिठी आणि मुखपृष्ठामागील नामपृष्ठ ही पुष्पिका समजावी. कॅलिबरमध्यें इंटरनेटवरून नोंद आपोआप आणण्याची सोय आहे. अलीकडील इंग्रजी पुस्तकांस ती उपयोगी पडते. जुन्या मराठी ग्रंथांस ती लावली असतां मूळ आवृत्तीच्या जागीं पुनर्मुद्रणाचें वर्ष, दुसऱ्याच प्रकाशकाचें नांव व तिसऱ्याच पुस्तकाचें मुखपृष्ठ येऊन बसण्याचा संभव असतो. म्हणून अशा ग्रंथांची नोंद नामपृष्ठ समोर ठेवून हातानेंच करावी. दिवसाकांठीं दहा ग्रंथ उरकले तरी वर्षांत साडेतीन हजारांचा पल्ला गांठतां येतो.

५. लेखकाचें नांव. सर्वांत मोठा घोटाळा येथें होतो. ‘वि. का. राजवाडे’, ‘विश्वनाथ काशीनाथ राजवाडे’, ‘इतिहासाचार्य राजवाडे’ आणि त्याच नांवाचीं रोमन रूपें हीं सर्व कॅलिबर निरनिराळीं माणसें समजतें. कोणतें तरी एक पूर्ण रूप प्रमाण ठरवावें, व लेखकांच्या यादींत जाऊन बाकीचीं रूपें त्या नांवानें बदलावीं; नांव सारखें झालें कीं ग्रंथ आपोआप एका माणसाखालीं येतात. हें काम ग्रंथागणिक करावें लागत नाहीं, नांवागणिक एकदांच करावें लागतें.

नांवाबरोबर ‘अनुक्रमाचें नांव’ असाहि एक रकाना असतो. सामान्यतः कॅलिबर शेवटचा शब्द आडनांव मानून तो पुढें आणतें. ‘विश्वनाथ काशीनाथ राजवाडे’ याचें ‘राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ’ होतें, हें ठीकच. परंतु ‘समर्थ रामदास’ याचें ‘रामदास, समर्थ’ आणि ‘रघुनाथ पंडित’ याचें ‘पंडित, रघुनाथ’ होतें. पहिल्यांत योगायोगानें कार्य साधतें; दुसऱ्यांत कवि भलत्याच अक्षराखालीं जातो. संतकवि, बखरकार व शास्त्री यांचीं नांवें आडनांवाच्या सांच्यांत बसत नाहींत, म्हणून त्यांचें अनुक्रमाचें नांव स्वतः लिहावें.

संपादकाकरितां मात्र कॅलिबरमध्यें स्वतंत्र रकाना नाहीं. पत्रसंग्रह व बखरी यांवर ज्यांचें काम चालतें त्यांस ही उणीव जाणवेल. आपला असा ‘संपादक’ हा रकाना नवा पाडून घेणें हा उपाय बरा. राजवाड्यांनीं छापलेल्या पत्राचे लेखक राजवाडे नव्हेत, हा भेद यादींतहि दिसला पाहिजे.

६. खंडांची मालिका. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या राजवाड्यांच्या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें निघाला व पुढें ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग इ. स. १९३० ते १९३४ या वर्षांत प्रसिद्ध झाले. असे ग्रंथ नुसत्या नांवाच्या अनुक्रमानें लावले तर पहिल्यामागोमाग दहावा व एकोणिसाव्यामागोमाग दुसरा असा क्रम लागण्याचा धोका असतो, कारण तेथें आंकडा हा संख्या म्हणून न धरतां अक्षर म्हणून धरला जाऊं शकतो. कॅलिबरमध्यें मालेचें नांव व मालेंतील क्रमांक यांस निराळी जागा आहे, आणि तेथील क्रमांक संख्या म्हणूनच गणला जातो. मालेचें नांव सर्व खंडांस अक्षरशः एकच लिहावें. मग कोणता खंड आपल्याजवळ नाहीं हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. आणि संग्राहकास आहे त्याच्या यादीइतकीच नाहीं त्याची यादीहि मोलाची असते.

७. विषय व स्वतःचे रकाने. विषयदर्शक शब्द, ज्यांस टॅग म्हणतात, ते मोजके व ठरलेले असावे. ज्या संग्रहांत सर्वच इतिहास आहे तेथें ‘इतिहास’ हा शब्द लावण्यानें कांहींच निष्पन्न होत नाहीं. ‘बखर’, ‘पत्रव्यवहार’, ‘शकावली’, ‘वंशावळ’, ‘ताम्रपट’ असे शब्द उपयोगी. मध्यें टिंब देऊन ‘पत्रव्यवहार.पेशवे’, ‘पत्रव्यवहार.होळकर’ असे पोटभेद केले, व टॅगांचा रकाना श्रेणीबद्ध दाखवावा अशी आज्ञा दिली, तर डाव्या बाजूच्या सूचींत त्यांची झाडासारखी मांडणी होते. ही आज्ञा लेखकांच्या रकान्यास मात्र देऊं नये. आद्याक्षरांपुढील प्रत्येक टिंबापाशीं नांव तुटून ‘वि’ हा वंश व ‘का’ ही शाखा होऊन बसते.

नवे रकाने हवे तितके पाडतां येतात. रकान्याचें अंतर्गत नांव रोमन अक्षरांत द्यावें लागतें. मथळा देवनागरी चालतो. आमच्या मतें जुन्या ग्रंथांच्या संग्रहास पुढील चार रकाने जरूर आहेत.

पहिला, ‘शक’. कॅलिबरचा प्रकाशनकाल इसवी सनांत असतो, व जुन्या नामपृष्ठावर पुष्कळदां केवळ शक असतो. शके १८२० हें वर्ष इ. स. १८९८ च्या चैत्रापासून १८९९ च्या फाल्गुनापर्यंत पसरलें आहे. तेव्हां शकांत ७८ मिळवून निघालेला आंकडा दरवेळीं बिनचूक असेल असें नाहीं. मूळ शक जसाच्या तसा जतन करावा.

दुसरा, ‘मूळ लेखन’. ‘साधनें’ व ‘साधने’, ‘कांहीं’ व ‘काही’ अशा दोन लेखनपद्धति आपल्या ग्रंथांत आहेत. एका लेखनानें शोधलेला ग्रंथ दुसऱ्या लेखनानें सांपडेलच असा भरंवसा धरूं नये. ग्रंथनामाच्या मुख्य रकान्यांत सर्वत्र एकच पद्धति ठेवावी व नामपृष्ठावरील रूप या रकान्यांत उतरवावें.

तिसरा, ‘प्रतीचा उगम’. चित्रप्रत कोणत्या ग्रंथालयाच्या पुस्तकावरून झाली हें पहिल्या पानावरील शिक्क्यावरून बहुधा कळतें. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’च्या ज्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, त्यांच्या ओळखनांवांत ‘डीएलआय’ हीं अक्षरें व पुढें एक लांबलचक क्रमांक असतो. हा क्रमांक निरर्थक समजून पुसूं नये. कॅलिबरमध्यें ओळखक्रमांकांचा रकाना आहे. तेथें तो टांकावा. पोथीवरील जुन्या संग्रहाचा शिक्का कोणी खरवडून काढीत नाहीं, तसेंच हें.

चौथा, ‘प्रतीची स्थिति’. अमुक पानें गहाळ, नकाशा दुमडलेलाच राहिला, शेवटचें शुद्धिपत्र नाहीं, इत्यादि. शुद्धिपत्र नसलेल्या प्रतीवरून उतारा घेणारा त्यांतील अशुद्धांसह तो घेतो, आणि पुढील तीन लेखक तोच प्रमाण मानतात.

८. आवृत्तींचा संकर. आतां सर्वांत नाजूक गोष्ट सांगतों. ग्रंथ संग्रहांत घालतांना त्याच नांवाचा व त्याच लेखकाचा ग्रंथ पूर्वीं असल्यास काय करावें हें कॅलिबरला आगाऊ सांगून ठेवतां येतें. आपोआप एकत्र करण्याची आज्ञा दिल्यास तीन मार्ग असतात : नवी फाइल वगळणें, जुनीच्या जागीं नवी ठेवणें, किंवा निराळी नोंद करणें. कादंबऱ्यांच्या वाचकास पहिले दोन मार्ग सोयीचे वाटतात. संशोधकास ते घातक आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ हें नांव व ‘ज्ञानेश्वर’ हा कर्ता राजवाड्यांनीं संपादिलेल्या प्रतीस जसा आहे तसाच साखरे यांच्या प्रतीसहि आहे. दोन्ही फाइली एकाच प्रकारच्या असल्या तर दुसऱ्या मार्गानें एकीच्या जागीं दुसरी येते, आणि पहिली संग्रहांतून नाहींशी होते. पाठभेद पाहणाऱ्याच्या हातून पाठभेदच निसटतो. पहिल्या मार्गानें दुसरी प्रत संग्रहांत शिरतच नाहीं, पण आपण ती घातली असें समजून बसतों. यास्तव एकत्र करण्याची सोय बंदच ठेवावी, किंवा निराळ्या नोंदीचा मार्ग निवडावा. आणि ग्रंथनामांतच ‘राजवाडे-प्रत’, ‘साखरे-प्रत’, ‘दुसरी आवृत्ति’ असा निर्देश करावा. दुबार ग्रंथ हुडकणारी एक जोडणी कॅलिबरला मिळते, तिचा उपयोग जरूर करावा. परंतु तिनें दाखविलेली प्रत्येक जोडी नामपृष्ठें ताडून पाहिल्यावांचून एकहि प्रत काढून टाकूं नये.

९. ई-रीडरवर पाठवणी. सर्व संग्रह यंत्रावर नेण्याचा हव्यास धरूं नये. यंत्र हें वाचनाचें आसन आहे, दप्तरखाना नव्हे. चालू कामास लागणारे पन्नास-शंभर ग्रंथ तेथें असावे. कॅलिबरमध्यें एखादा शोध कायमचा सांठवून त्याचें ‘आभासी ग्रंथालय’ करतां येतें; ‘यंत्रावर’ असा एक होय-नाहींचा रकाना पाडून त्यावरून हें केलें म्हणजे काय न्यावयाचें व काय परत काढावयाचें याचा हिशेब राहतो.

कोबोच्या यंत्रावर कॅलिबरच्या टॅगांवरून किंवा आपण पाडलेल्या रकान्यावरून ग्रंथांचे गट आपोआप तयार करवितां येतात. किंडलच्या हल्लींच्या यंत्रांवर हे गट कॅलिबरकडून होत नाहींत; तेथें ते यंत्रावरच हातानें करावे लागतात. यास्तव किंडल वापरणाऱ्यानें ग्रंथनामाआधीं मालेचें नांव व क्रमांक लावून फाइली पाठविण्याची व्यवस्था करावी, म्हणजे नांवाच्या अनुक्रमानेंच खंड ओळीनें लागतात. त्या क्रमांकापुढें शून्य देऊन ‘०१’, ‘०२’ असें लिहावें.

फाइलीच्या प्रकाराचाहि विचार हवा. ईपब ही अक्षरांची फाइल. पडद्याच्या रुंदीप्रमाणें तिच्या ओळी मोडतात. जुन्या ग्रंथांची पीडीएफ प्रत बहुतेक वेळां नुसत्या चित्रांची असते. तिच्यांत अक्षर म्हणून कांहींच नसतें. म्हणून तिचें ईपबमध्यें रूपांतर केलें तरी वाचण्याजोगा ग्रंथ हातीं येत नाहीं. प्रथम चित्रांतील अक्षरें संगणकाकडून ओळखवून घ्यावीं लागतात, व देवनागरींत तें काम माणसानें तपासल्याशिवाय विश्वसनीय ठरत नाहीं. सहा इंची पडद्यावर अशीं चित्रपृष्ठें वाचणें जिकिरीचें. त्यांस दहा इंची यंत्र बरें. देवनागरी जोडाक्षरें आपल्या यंत्रावर नीट उमटतात कीं नाहीं हें एका ग्रंथानें पाहून मगच शेंकडों पाठवावे.

१०. जतन. जुलै २००९ मध्यें जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन ग्रंथांच्या कांहीं प्रती ॲमेझॉननें ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्यास हक्क नव्हता हें कारण झालें, व पुढें कंपनीच्या प्रमुखांनीं जाहीर क्षमा मागितली. मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान इ. स. २०१९ मध्यें बंद केलें, तेव्हां तेथें घेतलेलीं पुस्तकें उघडेनाशीं झालीं. ग्राहकांस पैसे परत मिळाले, पुस्तकें मिळालीं नाहींत. दुकानाच्या कुलुपांत असलेला ग्रंथ आपल्या दप्तरांत जमा धरूं नये. ज्यांच्या हक्काची मुदत संपली आहे असे ग्रंथ मात्र निःशंकपणें जतन करावे. भारतांत ही मुदत सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांची आहे. राजवाडे इ. स. १९२६ मध्यें वारले, तेव्हां त्यांचें लेखन कधींच मुक्त झालें आहे.

संग्रहाचें सबंध फोल्डर दुसऱ्या डिस्कवर वेळोवेळीं उतरवून ठेवावें, व ती डिस्क दुसऱ्या घरीं असावी. आपोआप जुळवून घेणाऱ्या इंटरनेटवरील सांठवणींत चालू दप्तर ठेवणें धोक्याचें. दोन यंत्रांनीं एकाच वेळीं लिहिलें तर नोंदपुस्तक बिघडतें. बिघडलेंच तर प्रत्येक ग्रंथाच्या फोल्डरांतील नोंदीच्या नकलेवरून तें पुन्हा उभें करण्याची सोय कॅलिबरमध्यें आहे. लेखकास आपल्या सूचीची दुसरी प्रत आपोआप मिळत जावी, अशी सोय आउफ्रेख्टच्या काळीं कोणास नव्हती.

११. येथें एक आक्षेप येईल. शोधाची कळ दाबतांच सर्व सांपडत असतां इतकी नोंद कशाला? उत्तर असें कीं, शोध लिहिलेलेंच शोधतो. चित्रप्रतींत अक्षरें नाहींत, आणि फाइलीच्या नांवांत बहुधा खरें नांव नाहीं. मग शोधानें काय शोधावें? नोंदच नसेल तर ग्रंथालय व ढीग यांत भेद राहात नाहीं. उलट नोंद नीट असली म्हणजे शोधाचें बळ दुणावतें : इ. स. १९०० पूर्वीं छापलेल्या, ‘बखर’ या वर्गांतील, पानें गहाळ असलेल्या सर्व प्रती एका आज्ञेसरशी पुढें येतात. इतकेंच नव्हे, तर प्रकाशकाचा रकाना रिकामा असलेले ग्रंथ दाखव, असें विचारून आपलें अपुरें कामहि पाहतां येतें.

ज्यांच्याजवळ असे संग्रह आहेत त्यांस आमची सूचना अशी कीं, आरंभ एका मालेपासून करावा. साधनांचे बावीस खंड ही मापानें सोयीची माला आहे. ती पुरी होईतों प्रमाण नांवें, टॅग व रकाने यांचें धोरण ठरून जातें, व तें एका कागदावर लिहून दप्तरांतच ठेवावें, म्हणजे पुढें काम हातीं घेणारास तें प्रथम सांपडेल. कॅलिबर संग्रहाची सूची स्वतंत्र फाइलीच्या रूपानेंहि काढून देतें. अशा सूची संग्राहकांनीं परस्परांस दिल्या, तर कोणत्या ग्रंथाची पूर्ण प्रत कोणाजवळ आहे, कोणाच्या प्रतींत शुद्धिपत्र आहे, आणि कोणता ग्रंथ अद्याप चित्रबद्धच झालेला नाहीं, हें कळेल. शेवटच्या प्रकारचे ग्रंथ कागदाचा कस संपण्यापूर्वीं उतरवून घेणें हें काम त्यानंतरचें, व अधिक तांतडीचें आहे.